फटकळ माणसाला उत्तेजन देण्याचं कृपादान असू शकतं का?

मिरजेची_फटकळ

सर्वांना सलाम. उन्हाळ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पाचगणीला शिबिर झालं. तिथं कृपादानांची, म्हणजे देवानं ज्याला-त्याला दिलेल्या खास देणग्यांची, प्रश्नावली भरून घेतली. ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत खुणा करायच्या, मग बेरीज. माझ्या कागदावर सगळ्यांत जास्त गुण पडले ते ‘उत्तेजन देणे’ याला. घरी येऊन नवऱ्याला दाखवलं, तर तो हसता हसता खालीच बसला.

कारण माझं तोंड. मी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. मैदान मारून आलेला गडी सुई बघून डोळे मिटतो, तेव्हा मी "कुस्तीला पण असाच उतरतोस का?" असं विचारते. गोड बोलणं हे आमच्या जाऊबाईंचं खातं. त्या कुणालाही भेटल्या की हात हातात घेतात, "प्रभू आहे ना, सगळं चांगलं होईल" म्हणतात, आणि लोकांना खरंच बरं वाटतं. हे दान कुणाला असेल तर त्यांना, असं अख्ख्या मंडळीचं मत आहे. माझंही.

पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "२०१९ चा पूर आठव." त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही काही जणी सांगलीतल्या एका शाळेत पूरग्रस्तांना भाकरी घेऊन जायचो. तिथं एक आजी कपाळाला हात लावून बसलेल्या. त्यांना मी म्हटलं होतं, "आजी, रडायचंय तेवढं रडा, पण आधी त्या पिशवीतली कागदं काढा, वाळत घालू." वर्गातल्या बाकांवर आम्ही दोघींनी त्यांचं रेशनकार्ड, सातबारा, नातवाचा दाखला, गॅसचं पुस्तक असं सगळं पसरलं. दुपारपर्यंत आजी बाकीच्यांची कागदं वाळवायला लागल्या, वर "ते उलटं कर, शाई पसरतीया" म्हणून मलाच दटावायला लागल्या. पाळकसाहेबांच्या मते हेच ते कृपादान. मला काही पटलं नाही. हे तर काम झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंडळीत २२ वर्षांचा एक मुलगा आहे. पेटी फार सुरेख वाजवतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन त्यानं धरलं की खोकणारी म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या द्यायला लागतात. चाकणला कंपनीत लागला, तिथं मोबाईलवरच्या रमीच्या नादाला लागला, ॲपवरून कर्जं काढली, आणि वसुलीवाल्यांचे फोन निम्म्या नातेवाइकांना आले. बापानं म्हशी विकून मिटवलं. ईस्टरच्या आधी तो परत आला. उपासनेला येतो, शेवटच्या बाकावर बसतो, शेवटचं गीत सुरू झालं की उठून जातो. पेटीच्या जागी सध्या मोबाईल आणि स्पीकर आहे. कमिटी म्हणते, वर्षभर जाऊ दे, मग बघू. जाऊबाई त्याच्याशी मायेनं बोलतात, तो मान हलवतो. मी परवा विचारलं, "भिंत पडेल म्हणून धरून बसतोस होय रे?" तर हसला. आल्यापासून पहिल्यांदाच हसला, असं त्याची आई म्हणाली.

मला वाटतं त्याला आत्ताच पेटीवर बसवावं. पण हे कृपादान बोलतंय की माझा आगाऊपणा, हे ओळखायचं कसं?

कृपेचा_झरा

आमेन ताई! जिभेच्या हाती जीवन आणि मरण आहे, नीतिसूत्रे १८:२१. नेहमी सकारात्मक बोला, नकारात्मक शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तुमच्यासाठी प्रार्थना करतो. 🙏

निवृत्त_वसुली (सांगली)

ताई, सलाम. वरच्या बंधूंनी वचन बरोबर दिलंय, पण तुमची अडचण जिभेची नाहीच असं मला वाटतं.

मी एका पतसंस्थेत वसुलीला होतो, हयात त्यात गेली. मंडळीत फार तर खुर्च्या लावतो आणि कुणी नसलं तर तबला धरतो. तेव्हा हे उपदेश म्हणून वाचू नका. पण बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचताना बर्णबा आला की मला आमच्या टेबलासमोर सहीला उभा राहिलेला जामीनदार दिसतो. जामीनदार लई बघितलेत. काही जण "आपलाच माणूस हाय, द्या की" म्हणून खांद्यावर हात ठेवतात आणि सहीची वेळ आली की चहा प्यायला जातात. सही करणारा वेगळा. तो फारसं बोलत नाही. कायद्यानं त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, १८७२ च्या करार कायद्यात १२८ वं कलम बघा. हे ठाऊक असून जो पेन उचलतो, त्याच्यामुळं कर्जदार सुद्धा जरा ताठ बसतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता बर्णबा बघा. त्याचं मूळ नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. चौथ्या अध्यायात प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे उत्तेजनाचा पुत्र, असं नाव ठेवल्याचं हे पुस्तक लिहिणारा लूक सांगतो, आणि लगेच पुढच्या वचनात काय? त्यानं शेत विकलं आणि पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले. आमच्या भागात शेत विकणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तो काय बोलला, याची तिथं एक ओळ नाही.

नवव्या अध्यायात शौल, म्हणजे पुढं ज्याला पौल म्हणतात तो, यरुशलेमेला येतो. काल-परवापर्यंत लोकांना धरून तुरुंगात टाकणारा माणूस. सगळे त्याला भ्याले, आणि भ्याले त्यात त्यांची चूक काय? कमिटी असती तर तीही "वर्षभर बघू" म्हणाली असती. बर्णबा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. आणि तिथं "चांगला मुलगा आहे हो" असं मोघम बोलला नाही. वाटेत प्रभू याला कसा दिसला, याच्याशी काय बोलला, दिमिष्कात हा किती धिटाईनं बोलला, हे त्यानं एकामागं एक मांडलं. म्हणजे माहिती काढून गेला होता. आमच्या भाषेत, स्थळपाहणी करून मग सही.

पुढं शौल आपल्या गावी तार्ससला जाऊन पडला. लोक त्याला विसरले असावेत. अंत्युखियात मंडळी वाढायला लागली, तेव्हा बर्णबाला तिथं पाठवलं. तिथलं काम बघून त्याला आनंद झाला, त्यानं लोकांना धीर दिला, आणि मग उठून शौलाला शोधायला तार्ससला गेला. आजच्या रस्त्यानं मोजलं तर साधारण सांगली ते पुणे. तेव्हा एसटी नव्हती. निरोप पाठवून चाललं असतं, पण तो स्वतः गेला. दोघांनी वर्षभर अंत्युखियात शिकवलं, आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा पडलं ते तिथंच. हे सगळं अकराव्या अध्यायात आहे.

मला सगळ्यांत आवडतं ते मात्र लुस्त्रातलं. पांगळा बरा झाला म्हणून तिथल्या लोकांनी यांना देव समजून बैल आणले. बर्णबाला त्यांनी ज्यूस ठरवलं आणि पौलाला हर्मीस, कारण मुख्य बोलणारा पौल होता. म्हणजे ज्याला आपण उत्तेजनाचा नमुना म्हणतो, तो दोघांतला कमी बोलणारा. कृपेचा_झरा यांनी राग मानू नये.

तुमच्या आजींचं रेशनकार्ड माझ्या मते याच वळणाचं आहे. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायातल्या यादीत हे दान आहे, शेजारी सेवा, दया, औदार्य असली कामाचीच दानं आहेत. "हे तर काम झालं" म्हणून तुम्ही त्याला बाजूला काढताय. ते उलट खूण समजा. दुपारी आजी दुसऱ्यांची कागदं वाळवत होत्या ना? मग झालं.

मुलाचं म्हणाल तर पेटीवर बसवा. पण तुम्ही त्याच्या शेजारी बसा. सगळ्यांना दिसेल असं.

वाईकर_गुरुजी

निवृत्त_वसुली काकांचं लिखाण वाचायला छान वाटतं, पण एक गोष्ट ते सोयीनं विसरले. जामीन राहू नको, असं नीतिसूत्रे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बजावतं. सहावा अध्याय उघडा. शेजाऱ्याला जामीन झाला असलास तर झोप घेऊ नकोस, पारध्याच्या हातून हरणी सुटते तसा सूट, असं तिथं आहे. ११:१५ मध्येही तेच. मग हाच दाखला कृपादानाला कसा लावायचा?

दुसरं, बर्णबाचं सगळंच सोनं नव्हतं. योहान मार्क नावाचा सोबती पौल-बर्णबांच्या पहिल्या प्रवासात पंफुल्यातूनच परत फिरला. दुसऱ्या वेळी बर्णबा म्हणाला त्याला घेऊ, पौल म्हणाला नको. तीव्र वाद झाला आणि दोघे वेगळे झाले. मार्क बर्णबाचा भाऊबंद होता, हे कलस्सैकरांस पत्र ४:१० मध्ये दिलंय. म्हणजे नात्याचा ओढा नव्हताच असं कोण म्हणेल? आणि गलतीकरांस पत्र २:१३ वाचा. अंत्युखियात यहूदी मंडळींच्या भीतीनं पेत्र यहूदी नसलेल्या परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा बर्णबाही त्या ढोंगात ओढला गेला. सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसाचा हाच धोका. कुणाला दुखवायचं नाही म्हणता म्हणता सत्य हातचं सुटतं.

जुगार हे काही परत फिरलेल्या मार्कासारखं नाही. त्यात माणूस खोटं बोलायला शिकतो. मी शाळेत ३० वर्षं काढली आहेत. "सर, आता नाही करणार" हे वाक्य मी पोरांकडून ऐकलंय, आणि त्यांच्या बापांकडूनही. कमिटी कठोर नाही, सावध आहे.

रात्रपाळी

मी मिरजेत परिचारिका होते. सगळ्यांचं वाचलं. वचनांवर बोलायला मी लहान आहे, पण आजारी माणसाला धीर देणं हा आमच्या घरातला धंदाच.

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून आमच्यासारखी कितीतरी घरं त्या कामावर वाढली. माझी आजी वानलेसवाडीला क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात आया होती. स्ट्रेप्टोमायसीन हाताशी येण्याआधीची गोष्ट. तेव्हा उपचार म्हणजे पडून राहणं, मोकळी हवा, दूध, अंडी. महिनोन्‌महिने. कर्नाटकातली, कोकणातली माणसं, घरच्यांची भेट क्वचित. आजी सांगायची, "तू बरा होशील" असं आम्ही कुणाला म्हणत नव्हतो, कारण सगळी बरी होत नव्हती आणि हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ती दुसरंच काही करायची. प्रत्येकाकडून काहीतरी मागायची. एकाला म्हणायची, तुमच्याकडं फणसाची भाजी कशी करतात ते उद्या मला नीट सांगा. दुसऱ्याला, या पोराला अक्षर काढायला शिकवा, याला घरी पत्र लिहायचंय. माणूस रात्रभर त्याचा विचार करत पडायचा. सकाळी सांगायला जागा असायचा.

मीही तेच करत आले. ऑपरेशननंतर न उठणाऱ्या बाईला मी कधी "घाबरू नका" म्हटलेलं नाही. घाबरू नका म्हटलं की माणूस विचार करतो, घाबरण्यासारखं काय आहे बरं? "मावशी, मला ती खिडकी लावायला मदत करा" म्हटलं की उठते. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर बरे होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

म्हणून मला वाटतं, त्या मुलाला "आम्ही तुला पेटी देतो" असं म्हणूच नका. "आम्हाला पेटी वाजवणारा पाहिजे, अडलंय" असं म्हणा. ते खरंही आहे. मोबाईलच्या स्पीकरवर भजन म्हणजे काय ते आम्हीही सोसतो.

गुरुजींचं एक मात्र मला पटतं. जुगाराची सवय हा नुसत्या मनाच्या दुबळेपणाचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ती आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तरी ज्याला खेळायचं आहे तो वाट काढतो. पेटी हे औषध नाही. पेटी चालू ठेवा आणि औषधही चालू ठेवा.

निवृत्त_वसुली (सांगली)

गुरुजी, बरोबर पकडलंत. नीतिसूत्रांचं म्हणणं मी नाकारत नाही. जामीन राहून घरं बसलेली मी बघितलीत, काहींच्या दारात मीच नोटीस घेऊन उभा होतो. तिथला इशारा उतावळेपणानं शब्द देऊन अडकणाऱ्याला आहे, असं मी समजतो.

पण मग फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. पळून गेलेला दास अनेसिम. त्याला पौल मालकाकडं परत पाठवतो आणि लिहितो, यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल, तर ते माझ्या नावे मांड, मी पौल हे माझ्या हातानं लिहितोय, मी फेडीन. अठरावं आणि एकोणिसावं वचन. वसुलीवाल्याला याहून स्पष्ट जामीनपत्र कुठं मिळायचं नाही. मार्काच्या बाबतीत "नको" म्हणणारा तोच हा पौल. आणि त्याच पत्राच्या शेवटी सलाम सांगणाऱ्यांत एक नाव आहे, मार्क. पुढं तीमथ्याला तो लिहितो, मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

म्हणजे त्या वादात पौल चूक होता असं मी म्हणत नाही. कोण बरोबर होतं ते लूकनं लिहिलेलंच नाही, आणि पुढं लूक पौलाबरोबर चालत राहतो, बर्णबा कुप्रला जहाजात बसला तो पुन्हा त्या पुस्तकात दिसत नाही. आधी ‘बर्णबा व शौल’ अशी नावं येत होती, तेराव्या अध्यायातच ती उलटी व्हायला लागली होती. ज्याला हाताला धरून आणला, तो पुढं गेला. बर्णबानं कुरकुर केल्याचं कुठं वाचलंय का गुरुजी? मी तरी नाही.

गलतीकरांस पत्रातलं मात्र मान्य. तिथं तो घसरला. म्हणून तर ताईंसारखी फटकळ बाई मला या कामाला जास्त बरी वाटते. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ५:१४ मध्ये पौल एका दमात सांगतो, बेशिस्त वागणाऱ्यांची कानउघाडणी करा, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या. कुणाला काय लागतं हे ओळखायचं आहे. तो मुलगा एकाच वेळी तिन्ही आहे. जाऊबाईंचा हात हातात घेणंही त्याला लागणारच की. ते काय फुकट नाही.

आता व्यवहाराचं. ताई, कमिटीला तोंडी सांगू नका, तोंडी बोललेलं कमिटीत विरघळतं. एक कागद लिहा. शनिवारी सराव आणि रविवारी उपासना, तीन महिने. वाजवायची पेटी त्याच्याकडं, दानाची पेटी नाही. अर्पण मोजायला तो बसणार नाही, मंडळीच्या कुठल्याही खात्याचा नंबर त्याच्या मोबाईलवर नसेल. ही त्याची बेअब्रू नाही, त्याला मोहापासून लांब ठेवणं आहे. हे त्याच्या तोंडावर सांगा, पाठीमागं ठरवू नका. आणि खाली तुमचं नाव घाला. तो एखाद्या शनिवारी आला नाही तर कमिटीनं आधी तुम्हाला विचारायचं, त्याला नाही, असं लिहून द्या. तुम्हाला ते जड वाटत असेल तर कागद फाडा आणि वर्षभर थांबा, त्यातही काही पाप नाही.

वाईकर_गुरुजी

दानाच्या पेटीची अट असेल तर माझा विरोध नाही. फक्त ‘तीन महिने’ आधी जाहीर करू नका. मुलं शेवटच्या तारखेपर्यंतच नीट वागतात, हा अनुभव आहे.

मिरजेची_फटकळ

सगळ्यांचे आभार. मधे लिहिता आलं नाही, लॅबमध्ये डेंग्यूच्या तपासण्यांची गर्दी आहे.

रात्रपाळी ताईंचं ऐकून मी त्याच्या घरी गेले आणि म्हटलं, "आमचं अडलंय, त्या स्पीकरनं डोकं उठलंय, सरावाला येतोस का?" तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील ते म्हणतील, ते तू चाकणला असतानाही म्हणतच होते." त्याची आई आतून ओरडली, "अगं जरा जपून!" पण तो तयार झाला. दानाच्या पेटीचं सांगितलं तेव्हा त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बरं झालं काकू, मला ते नकोच." १४४१६ चा नंबर त्याच्या बापानं भिंतीवर कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलाय.

कागद दिला. कमिटीत दोघांनी तोंडं वाकडी केली, एकानं "जबाबदारी तुमची" असं तीनदा वदवून घेतलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. जाऊबाईंनी न सांगता खाली आपलंही नाव घातलं, हे मला तिथंच कळलं.

एक अडचण आहे. तबला वाजवणारा आमचा मुलगा परीक्षेला पुण्याला गेलाय. सांगलीहून मिरजेला यायला कुणाला किती वेळ लागतो?

निवृत्त_वसुली (सांगली)

अर्धा तास. पण मला केहरवा सोडून दुसरा ताल येत नाही, आधीच सांगतो.

मिरजेची_फटकळ

चालतंय. शनिवारी सहाला या काका, चहा इथंच घ्या.